अण्णाकाकांकडे जायचं की नाही

४ जाने.
बाबांनी मला न विचारता कोविडच्या अँटिबॉडीची टेस्ट करून आणली. आकडा अगदी कमी. "बघ, लस वाया गेली. आता मी घराबाहेर पाऊल टाकत नाही." आणि तिकडे सुदामा नगरहून अण्णाकाका, त्यांचे थोरले भाऊ, रोज फोन करतात, ये रे एकदा. वीस मिनिटांचा रस्ता! डोकं फिरलंय.

६ जाने.
सांवेर रोडच्या फॅक्टरीतून शिफ्ट करून आले तर परत तेच. समजावलं: अँटिबॉडी काही महिन्यांत कमी होतातच. टी-सेल्स, म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या. व्हायरस शिरलेल्या पेशी ओळखून मारतात, अन् लशीची आठवण त्यांना पुष्कळ दिवस राहते. या टेस्टमध्ये त्या दिसतच नाहीत.
"मग त्यांची टेस्ट कर."
"आपल्या गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही, बाबा."
"मतलब दिसत नाही, मोजता येत नाही, पण आहे. वा! औषधाच्या फॅक्टरीत नोकरी करते म्हणे."
ताट आपटलं मी. आपटायला नको होतं.

११ जाने.
हद्द झाली. कोविड मीच आणला, फॅक्टरीतून. उंबरा न ओलांडलेल्या बाबांना दिला. वय ७६. दर तासाला ऑक्सिजन बघतेय.

१५ जाने.
ताप दोनच दिवस. ऑक्सिजन ठीक. खोकत खोकत पोहे मागितले, वर शेव कमी म्हणून भांडले.
"लागण झालीच ना शेवटी?"
"झाली. पण दवाखान्यात जावं लागलं का?"
टी-सेल्समुळेच वाचले, हे मला सिद्ध करता येणार नाही. तेवढं बोलले नाही.

२४ जाने.
बाबा निगेटिव्ह. आपणहून म्हणाले, "मान्य तुझ्या टी-सेल्स. चल अण्णाकडे." इस्त्रीचा शर्ट घालून दारापर्यंत गेले, थांबले.
"अण्णाच्या टी-सेल्सचं काय?"
काकांची सहा वर्षांपूर्वी किडनी बदललेली. शरीराने ती नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत, त्या टी-सेल्सनाच दाबून ठेवतात. त्यामुळे लसही त्यांच्या शरीरात पुरती काम करेल याचा भरवसा नाही. इतके दिवस मी बाबांना ढकलत होते आणि हे मला एकदाही सुचू नये? स्वतःचाच संताप.

२५ जाने.
काकांना फोनवर सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं, मग भडकले. "सहा वर्षं मला काचेच्या कपाटात ठेवलंय सगळ्यांनी. तुम्ही दोघं ठरवणारे कोण? कल आ जाओ, बस!"
बाबांनी दोन मास्क काढून ठेवलेत. "सांग ना, जाऊ?"
एरवी तासभर लेक्चर देते. आता डायरीत डोकं घालून बसलेय. बाबा समोर बसलेत, माझ्या तोंडाकडे बघत.