वाटीखालचा केक

इटली, ८ फेब्रुवारी १९४५

ति. दादांस सटवाजीचा दंडवत.

मी खुशाल आहे. थंडी मात्र हाडात शिरून राहिली. आमचा मुक्काम एका म्हातारीच्या घरात आहे. तिचा पोरगा आपल्याकडं भोपाळला युद्धकैदी आहे, म्हणून ती आम्हालाच लेकरं समजते. रविवारी आमच्या शिध्यातल्या साखरेवर तिनं आळी जमवून लिंबाचा केक केला. केक म्हणजे गोड, फुगलेली भाकर समजा. लिंबाची साल दारूत मुरवतात आणि ती गोड, पिवळी दारू गरम केकवर ओततात. नरसीच्या देवळात तुमच्या हातावर हात ठेवून घेतलेली, दारू न शिवण्याची शपथ आठवली. मी तुकडा परत केला. माझ्या पलटणीतल्या दस्तगीरनंही केला. म्हातारी रडली. पुन्हा करीन म्हणाली.

दादा, एका घासापुरती मोकळीक द्या. तुमची भाषणं मला पाठ आहेत, ती लिहू नका. पारूताईची आठवण येते. माया असू द्या.

तुमचा सटवाजी

सेनगाव, ६ मार्च १९४५

चि. सटवाजीस आशीर्वाद.

भाषण लिहीत नाही, पण मोकळीकही मिळणार नाही. घास कधी एक नसतो. या दारूनं आपल्या गल्लीतली घरं कशी बसली ते तू पाहिलंस. मी दारूच्या भट्टीसमोर बोलायला उभा राहतो तेव्हा तुझं नाव घेतो, की पलटणीत जाऊनही माझ्या भावानं थेंब घेतला नाही. ते नाव राख. म्हातारीला माझा नमस्कार सांग. पारू सासरहून, कुरुंद्याहून आली आहे. तू आलास की धपाटे कोणी आधी थापायचे यावरून तिचं आणि तुझ्या वहिनीचं आताच भांडण चाललंय. जिवाला जप.

व्यंकटराव

इटली, २० मे १९४५

व्यंकटरावदादांना दस्तगीरचा सलाम.

सरकारी तार पोचली असेल. गेल्या महिन्यात नदी ओलांडताना सटवाजी गेला. मी बाजूलाच होतो. माझा पाय जायबंदी झाला. तुमचं पत्र त्याला आदल्या दिवशी मिळालं. वाचून लई हसला. दादा कागदावरही हात उंचावून बोलून राहिले, म्हणाला. त्या सांजेला म्हातारीनं कबूल केलेला केक केला. त्यानं तुकडा उचलला, नाकाशी नेला, परत ठेवला. वास घेणं तर शपथेत न्हाई ना, असं मला विचारलं. म्हातारीनं त्याचा तुकडा वाटीखाली झाकून ठेवला, परत आल्यावर खाईल म्हणून.

शपथ मोडली न्हाई, दादा. हे सांगायलाच लिहितो. पारूताईसाठी त्यानं कृती विचारून घेतली होती, ती मागल्या बाजूला आहे. मला परकं मानू नका.

दस्तगीर

सेनगाव, १४ एप्रिल १९४६

चि. दस्तगीरास आशीर्वाद.

पुण्याच्या इस्पितळात पाय सुधारत असेल. सटवाजीचं वर्षश्राद्ध झालं. विधी आटोपल्यावर मी गाव थांबवून घेतलं. पारूनं डेगचीला खाली-वर निखारे लावून केक केला. साल मळ्यातल्या कागदी लिंबाची, दारू मोहाची. ती आणायला मी कोणाला पाठवलं नाही. साल मुरायला वेळ हवा म्हणून महिन्यापूर्वीच भरदुपारी स्वतः उकंडरावाच्या भट्टीवर गेलो. बसलेले सगळे उठून उभे राहिले. आज भाषण न्हाई का, म्हणून उकंडरावानं टोमणा मारला. सटवाजीसाठी बाटली पाहिजे म्हटल्यावर तो आत गेला. बाटली त्यानं दोनदा विसळून भरली.

दारूबद्दल माझं मत तेच आहे. उद्या त्याच भट्टीसमोर उभा राहीन. लोक हसतील, हसू देत.

केक खालून करपला, मध्ये बसला. कोणी खाल्ला, कोणी माझ्या तोंडाकडं बघून तसाच ठेवला. पहिला तुकडा सटवाजीच्या रिकाम्या पाटासमोर होता. मी बोलेन म्हणून सगळे वाट पाहत होते. माझ्यानं एवढंच बोलवलं, की खा रे बाबा, खा. मग पारूनं त्यावर वाटी पालथी घातली.

बरा झालास की आधी इथं ये. तुझ्यासाठी पारू दारूवाचून करणार आहे. त्याच्यावर केलीस ती माया आता आमच्यावर ठेव.

तुझा दादा,
व्यंकटराव