इसोगामाचा आवाज

३ मार्च १९९८

डावा कान अजून बंदच. उठल्यावर वाटतं, झोपेत कुणीतरी ओला कापूस कोंबून गेलंय. सगळं ओसाका शहर पाण्याखाली गेल्यासारखं. ट्राम येते ती एखाद्या मोठ्या माशासारखी, गुपचूप. खरं सांगायचं तर आधी मजा वाटते. मग भीती वाटते.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घ्या, आराम करा. परत येईल की नाही, सांगता येत नाही." आराम! आमच्या नव्या व्हिडिओ गेममधले निम्मे राक्षस अजून मुके आहेत आणि त्यांना आवाज देणारी मी एकटी. बहिऱ्या बाईकडून आवाज कोण करून घेईल? ऑफिसात कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

६ मार्च

राक्षसांची चित्रं काढणाऱ्या सेगावाने आज नव्या राक्षसाचं, इसोगामाचं, चित्र आणून दिलं. चपटं कवच, पुढे दोन कोयते, समुद्राच्या तळाशी दबा धरून बसणारा शिकारी. खेळणाऱ्याला गुहेत एक दगड सापडतो, तो म्हाताऱ्या शास्त्रज्ञाकडे न्यायचा, की दगडातून हा जिवंत होऊन उभा राहतो. त्याच क्षणी तो ओरडतो. तेवढं ओरडणं माझं काम.

"शिकारी म्हणतोस, आणि डोळे असे पेंगुळलेले का?"

"कोट्यवधी वर्षं झोपून उठलीस ना, तर तूही अशीच दिसशील."

सेगावा नखं खातो, आंघोळ कधी करतो देव जाणे, पण त्याची जनावरं कागदावर श्वास घेतात. मी दिवसभर त्या चित्राकडे बघत बसले. याचा आवाज ऐकलाय कुणी? कुणीच नाही!

१२ मार्च

गर्जना केली. आमचे दिग्दर्शक मियानागा-सान म्हणाले, "जिन्यावरून बादली पडली." दुसरी केली. "ही तर गाय. चिहारु-सान, मुलं दचकली पाहिजेत!"

खेळ चालतो त्या हातात मावणाऱ्या यंत्राजवळ तीन सूर आणि एक खरखर — एवढंच भांडवल. आणि माझ्याजवळ एक कान. पूर्वी हे लोक माझं पहिल्याच फटक्यात उचलायचे. आता मला स्वतःलाच कळत नाही, बादली पडली की गाय हंबरली.

१३ मार्च

स्वप्नात तो माझ्या डाव्या कानात पोहत होता. कोयते मिटून, अगदी सावकाश. आत खूप जागा होती.

२१ मार्च

सुट्टी म्हणून समुद्रकाठच्या शिमा गावी आले, आईकडे. बाबांच्या थडग्यावर फुलं ठेवली आणि दोघी किनाऱ्यावरच्या खोपटात जाऊन बसलो. आई सत्तरी ओलांडून गेली तरी शिंपल्यांसाठी बुड्या मारतेच आहे. खोपटात शेकोटीभोवती तिच्या मैत्रिणी, सगळ्यांचे कान पाण्याच्या दाबाने कामातून गेलेले, त्यामुळे साधी विचारपूससुद्धा भांडणासारखी. मला तिथे इतकं बरं वाटलं!

इसोगामाचं चित्र दाखवलं. फुसाए मावशी ओरडल्या, "अगं, हे भाजायचं की उकडायचं?"

"खायचं नाही मावशी, याचा आवाज करायचाय मला."

आईने चित्र लांब धरून न्याहाळलं. "पाण्यातला ना हा? मग ओरडेल कशाला? पाण्यात तोंड उघडलं की मेलाच."

"पण हा वर येतो, आई. दगडातून. इतक्या काळाने पहिल्यांदाच."

"मग आधी कोंडलेला श्वास टाकेल. शिकारबिकार नंतर."

एवढं बोलून ती पाण्यात गेली. मी खडकावर बसले. पाणी नुसतं चमकत होतं, खाली आई आहे याची कुठे खूणही नाही. मग डोकं वर आलं आणि ती शीळ! छाती फुटू नये म्हणून वर येताच ओठ गोल करून या बायका श्वास सोडतात, त्याची लांबलचक बारीक शीळ होते. लहानपणापासून ऐकलेली, पाळण्यातही ऐकली असेन. आज उजवा कान तिकडे करून ऐकली आणि रडू आलं. वारा होता म्हणून निभावलं.

निघताना आई डाव्या बाजूने काहीतरी बोलली. मी हसून मान डोलावली. ती चालायची थांबली, फिरून उजवीकडे आली.

"मी विचारलं, जेवलीस का नीट, आणि तू मान डोलावलीस. वाटीभर भात तसाच टाकलायस, पोरी. कधीपासून झालंय हे?"

सांगितलं. ती स्टेशनपर्यंत माझ्या उजव्या अंगानेच चालली.

२ एप्रिल

झालं! एक बारीक सूर खोलातून वर वर येतो, थोडा थरथरतो, शेवटी पाणी निथळावं तशी जराशी खरखर. गर्जना वगैरे काही नाही. सेगावाने ऐकलं, मग पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिला. शेवटी मीच यंत्र काढून घेतलं.

९ एप्रिल

मियानागा-सानांनी सगळ्यांसमोर हेडफोन लावला. ऐकलं. कपाळाला आठी.

"डाव्या बाजूला काहीच नाही."

मी गार! दोन्ही बाजूंना आवाज भरायचा, हे नवशिक्यालाही कळतं. मी विसरले नव्हते — त्या बाजूला जग आहे हेच डोक्यात राहिलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. संपलं, असं वाटलं.

तेवढ्यात सेगावा म्हणाला, "तसंच हवंय! अजून अर्धा दगडातच आहे ना तो."

शहाणा! मियानागा-सानांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा एकदा ऐकलं. "दचकलो नाही," ते म्हणाले, "पण ऐकताना माझाच श्वास अडकला. राहू दे."

नंतर जिन्यात त्यांनी मला गाठलं. खालच्या आवाजात, अगदी सहज: "चिहारु-सान, यापुढे डावी बाजू सेगावाला ऐकवत जा." आणि खाली चहा प्यायला निघून गेले. म्हणजे कळलं होतं त्यांना! मी कठड्याला धरून उभी राहिले. हसू आवरत नव्हतं.

२० नोव्हेंबर

खेळ बाजारात आला. डावा कान काही आला नाही.

२९ नोव्हेंबर

पुन्हा तो स्वप्नात. आज उजव्या कानाशी थांबून आत डोकावत होता. मी म्हटलं, इकडे नको रे बाबा.

६ डिसेंबर

सकाळपासून उजवाही गेला. किटली उकळून सांडली तेव्हा वाफेमुळे कळलं. जमिनीवर बसून खूप रडले. माझं रडणंही मला ऐकू येईना. मग उठून खिडकीशी गेले. समोरच्या पायरीवर दोन मुली एकाच यंत्रावर डोकी घालून बसलेल्या. एकदम दोघींनी माना वर केल्या, ओठ गोल केले आणि छाती रिकामी होईपर्यंत श्वास सोडला. इसोगामा दगडातून बाहेर आला होता.