डोमाजीच्या छपरीतली बैठक

तीर्थस्वरूप वसंतभाऊजी यांच्या पायाशी तुमच्या धाकट्या साळ्याचा, म्हणजे पुनारामचा, वाकून रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? संध्याताईची शुगर खाली आली का? (नागपुरात काहीच खाली येत नाही म्हणतात.) इकडं आम्ही सारे खुशाल, असं लिवायची रीत आहे म्हणून लिवलं, पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा. फोन काहून केला नाही म्हणाल, तर मी फोनवर बोललो की सारी गल्ली ऐकते, अन् ही गोष्ट गल्लीचीच आहे.

आमच्या शेजारचा डोमाजी तुम्हाले आठवत असेल. त्यानं मागून नेलेली वस्तू परत आली असं या गावात कोणी पाहिलं नाही. तर दिवाळी झाल्यावर एक दिवस त्यानं माही शिडी आणून दिली. मी म्हटलं, चुकून आला असेल. मग गल्लीतल्या फकिराची छत्री परत गेली, कोणाची चाळणी, कोणाचा पाना, अन् शाळेची घंटा (हौ, तीबी त्याच्याच घरी होती, मास्तर इतकी वर्षं थाळी बडवत होते). गावात घबराट पसरली. उन्हाळी धान गारपिटीनं झोपलं होतं, ट्रॅक्टरच्या फायनान्सवाल्यांची जप्तीची नोटीस आली होती, अन् असा माणूस एकेकाचं देऊन मोकळा व्हाले लागला म्हणजे त्याच्या मनात काय आहे, ते आमच्याकडं लहान लेकरालेबी समजते.

मी गावच्या शेतकरी संघटनेचा सेक्रेटरी, तातडीची सभा बोलावली. आजवर आमच्या संघटनेनं निवेदन देणं, तहसीलीसमोर फोटो काढणं अन् चहावरून भांडणं, एवढीच कामं केली. पण यावेळी फकिरा बोलला, अन् अकलेचं बोलला. म्हणे, माणूस मेल्यावर आपण सारे त्याच्या घरी बसायले जातो, त्याच्या घरची चूल पेटू देत नाही, मग हे मेल्याच्या आधीच काहून करत नाही? कोणी उलट बोललं नाही, असा ठराव आमच्याकडं पहिल्यांदाच पास झाला. डोमाजीले एकटं सोडायचं नाही, पाळीपाळीनं त्याच्या दारापुढच्या छपरीत बसायचं. (पहिल्या दिवशी पाळी वगैरे कोणी पाळली नाही, सारेच गेले.)

आता घोटाळा असा, की आम्हाले बसायची एकच रीत येते. डोक्यावर दुपट्टा, मान खाली, अन् नवा माणूस आला की एक सुस्कारा. बाया वरणभाताचे डबे घेऊन मागच्या दारानं गेल्या, अन् डोमाजीच्या बायकोनं चूल पेटवली तर तिच्या हातचं लाकूड काढून घेतलं. ती बिचारी भेदरून रडाले लागली. मग बायाबी रडल्या. डोमाजी आतल्या खाटेवर, त्याले वाटलं बाहेर कोणी तरी गेलं. रस्त्यानं जाणाऱ्या बसवाल्यानं हे सारं पाहिलं अन् लामत्याले, डोमाजीच्या बहिणीच्या गावी, जाऊन सांगून टाकलं. दुपार कलली नाही तर डोमाजीची मोठी बहीण शेवंताबाई जीपभर सोयरे घेऊन हजर. गावात शिरल्यापासून तिचा हंबरडा. अन् तिच्या मागंमाग, पाहा नशीब, फायनान्सवाले दोघं ट्रॅक्टर उचलायले आलेले! त्याईनं चपला काढल्या, हात जोडले, फकिराजवळ थोडा वेळ उकिडवे बसले, अन् तेरवी झाल्यावर येतो म्हणून निघून गेले. आम्ही कोणी खोटं बोललो नाही. कोण गेलं, हे त्याईनं विचारलंच नाही.

मंग डोमाजी पाण्याची गडवी घेऊन बाहेर आला, अन् सोयऱ्याईले पाणी देऊ लागला. शेवंताबाईनं त्याले एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं, आम्ही कशाले बसलो ते फकिराकडून ऐकलं, अन् चप्पल काढली. असा हाणला, असा हाणला, भाऊजी! हाणे अन् रडे, रडे अन् हाणे. माह्या आधी जातो काय रे, म्हणे, कोणाले विचारलं तू? सोडवायले कोणी गेलं नाही. एवढ्या महिन्यांत रडला नाही तो डोमाजी, त्या दिवशी बहिणीच्या पदरात डोकं घालून लेकरासारखा रडला. मीबी रडलो. सेक्रेटरीनं रडू नये असा नियम कुठं लिवलेला नाही.

फायनान्सवाले म्हटल्याप्रमाणं परत आले. डोमाजी ट्रॅक्टरवर बसलेला पाहून त्यातला एक दुसऱ्याच्या मागं लपला. मंग आम्ही पन्नास माणसं त्याईच्या भोवती बसलो, यावेळी दुपट्टे खांद्यावर ठेवून, अन् खरीदी केंद्रावर या हंगामाचं धान तुलून पैसे येईपर्यंत थांबतो असं त्याईच्याकडून लिवून घेतलं. पुढचं पुढं. डोमाजी आता दोन वेळ जेवते. काल माह्यावर खेकसलाबी. बैठक मात्र आम्ही मोडली नाही. मी तर पाळी नसली तरी जाऊन बसतो. घरी करमत नाही.

ताईले नमस्कार, पोराईले आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
पुनाराम

ता. क. — पत्र लिवायचं कारण राहूनच गेलं. संघटनेले एक मोठी सतरंजी पाहिजे, नागपूरले चांगली भेटते. कोणी येत असेल तर त्याच्या हाती पाठवा. तुम्ही स्वतः तसदी घेऊ नका.

ता. क. दुसरं — भाऊजी, रामराम. हे अक्षर डोमाजीचं आहे. पुनाराम पाकीट आणाले गेला तवा लिवून राह्यलो. सतरंजी नाही आणली तरी चालते. माह्या ट्रॅक्टरच्या कागदावर जामीन म्हणून याची सही आहे, अन् नोटीस याच्याबी घरी आली. तुम्हाले यानं ते लिवलं नाही, मी पूर्ण पत्र वाचलं. इथं चार लोकांत हसवते, पण याची घरवाली सरिता सांगते का घरी दोन घास जेवत नाही अन् तिच्याशी बोलत नाही. आम्ही त्याच्याकडं बसायले गेलो तर सेक्रेटरी आहे ना, आम्हालेच चहा पाजते अन् गोष्टी सांगून वापस पाठवते. तुमच्यापुढं त्याले असं करता येणार नाही, तुम्ही मोठे. ताईले घेऊन या. गुडघा दुखते ते मले समजते, तरी या. तो माह्यावर ध्यान ठेवाले येते असं त्याले वाटते, वाटू द्या. तुम्ही येईपर्यंत मी त्याले माह्या छपरीतून उठू देत नाही.