न थांबलेल्या गाडीची खरी हकिगत

प्रिय अक्का,

तुला जाऊन सव्वा वर्ष झालं आणि आज मी कागद घेऊन बसलोय. तू असताना दोन ओळी लिहिल्या नाहीत कधी. आता लिहितोय, कारण काल दाजींचा फोन आला.

तुझी ती रात्रीची पॅसेंजर आठवते का? काय विचारतोय मी तरी! ती बंद झाली म्हणून पुण्यातल्या काही रेल्वेवेड्या मंडळींनी तिच्या आठवणींचा अंक काढला. त्यात तिचा इतिहास मी लिहिला. घोडेगावच्या ऑफिसात फायली सरकवणारा तुझा भाऊ लेखक झाला बघ.

लिहिलं ते सगळं तुझ्याकडूनच ऐकलेलं. तुझं लग्न झालं तेव्हा मनमाडच्या पुढे रूळ अरुंद होते, गाठोड्यांसकट उतरून गाडी बदलावी लागायची. मग रूळ रुंद झाले आणि परभणीकडून थेट पुण्याला गाडी यायला लागली. दिवेलागणीला तुझ्या स्टेशनात, सकाळी पुण्यात, आणि जेवणवेळेला तू खोडदला आपल्या दारात. बारक्यातल्या बारक्या स्टेशनावर थांबायची. डब्यात लोकरीची पोती, कोंबड्या आणि माहेरी निघालेल्या लेकुरवाळ्या.

दिवाळीला मी मुराळी होऊन तुला न्यायला यायचो, तेही लिहिलं. भाऊ न्यायला आल्याशिवाय सासरचा उंबरा ओलांडायचा नाही, असा तुझा हट्ट. नोकरी लागल्यावर मला रजेचं जिवावर यायला लागलं. आता थेट गाडी आहे, ये की एकटी, असं मी तुला सांगून टाकलं. ते मात्र लिहिलं नाही.

लॉकडाऊनमध्ये सगळ्या गाड्यांबरोबर तीही थांबली. परत आली ती एक्सप्रेस होऊन. वेळ तीच, पण लहान स्टेशनं गाळलेली. त्यात तुझंही गेलं.

त्याच सुमारास आमच्याकडे मुलगी झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तुझा. मी मोबाईलवर तुझं तिकीट काढलं. तुझं स्टेशन यादीत नव्हतं, म्हणून परभणीहून काढलं. मेसेज दाजींच्या फोनवर पाठवला. तुम्हा दोघांपैकी वाचता कुणाला येत होतं, अक्का?

मग तुला फोन लावला. घरच्या मेंढरांच्या लोकरीचं बाळापुरतं घोंगडं विणून घेतलंय, हे तू किती कौतुकाने सांगत होतीस. तेवढ्यात बारशाचा मंडपवाला आला. तिकीट काढलंय, नेहमीच्या टायमाला जा, एवढं बोलून मी फोन ठेवला. परभणीचं सांगायचं राहून गेलं.

तू नेहमीच्या टायमाला नेहमीच्या स्टेशनात गेलीस. गाडी तुझ्यासमोरून धडधडत निघून गेली. कुणाचा तरी फोन मागून घेऊन तू म्हणालीस, "बाळू, गाडी थांबलीच न्हाई रं."

चूक माझी, हे मला तिथल्या तिथे कळलं. पण घरात पाहुणे जमले होते, सासरे शेजारी बसले होते. मी काय बोललो असेन? "आगं, परभणीला जा म्हणून सांगितलं व्हतं ना तुला!"

तू म्हणालीस, "आसंल. माझ्याच ध्यानात न्हाई राह्यलं."

दुसऱ्या दिवशी बाळाच्या कानात नाव मेव्हणीनं सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळे हसले. अक्का का नाही आली, असं जो विचारेल त्याला मी सांगत सुटलो, की विसरली, वय झालं तिचं. वय कसलं गं? साठीला अजून चांगला अवकाश होता.

आणि अंकात मी हीच गोष्ट गंमत म्हणून घातली. न थांबणाऱ्या गाडीची वाट बघणारी माझी विसराळू बहीण! लोकांना लेखातलं तेवढंच सगळ्यात आवडलं. लाज वाटते, अक्का. फोनवर खोटं तोंडातून निघून गेलं असं तरी म्हणता येईल, पण हे मी दोन रात्री बसून नटवून लिहिलंय.

दाजींनी गावच्या शाळेतल्या गुरुजींकडून तो लेख वाचून घेतला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बराबर लिवलंस. त्या दिसापासून तिचा सोतावरचा भरवसाच उडाला. दुधाला इरजण लावलं का, म्हणून धा येळा मलाच इचारायची. एकटी मंग कुटंच गेली न्हाई."

मला हे माहीतच नव्हतं. फोनवर तू हसून म्हणायचीस, आता डोकं चालत नाही. मी आपला हो ला हो करायचो. एकदा तरी मला झापायचंस ना गं! स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या शब्दावर तुझा जास्त विश्वास कसा बसला?

अंकवाल्यांना आज कळवलंय, पुढच्या वेळी खरं काय ते छापा म्हणून. पण दाजी छापलेलं वाचत नाहीत. म्हणून येत्या रविवारी पोरीला घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. ती आता शाळेत जाते, सगळं समजतं तिला. तिच्यासमोरच दाजींना सांगेन. ते घरात घेतील की दारातून परत पाठवतील, ठाऊक नाही. परत पाठवलं तर ओट्यावर उभा राहून सांगेन, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं, की तू सांगितल्या वेळेला, सांगितल्या जागी गेली होतीस. तू काहीच विसरली नव्हतीस.

तुझा धाकटा,
बाळू