सभेतील माझ्या जागेपणाचा नकाशा

१ सप्टेंबर १९९६
मी, महिपती सोनबा कोकरे, बी. कॉम., वय चोपन्न, सणसर येथील पाणीवाटप संस्थेचा एकोणीस वर्षे मानद सचिव. रोजनिशीचा हेतू एकच: मी सभेत झोपतो, हा अपप्रचार शास्त्राने खोडणे. मी डोळे मिटून चिंतन करतो. सभासद हिंदुरावांना माझे पद हवे आहे; सचिवाची निवड याच महिन्याच्या वार्षिक सभेत, हात वर करून.

८ सप्टेंबर
भाचा नागेश पुण्यात प्राध्यापक. मेंदूतील व स्नायूंतील विजेच्या लहरी तो टेपवर नोंदवतो. घरी चाचणी घेतली. तासाभराच्या एकूण बेरजेत जागेपणाच्या जलद लहरीही निघाल्या, संथही. मी समाधानी. नागेश म्हणाला की मामा, वर्षाला वीस इंच पाऊस झाला म्हणून ऊस येतो का? कधी पडला ते नको बघायला? म्हणून तो तासाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकातील लहरींचा वेग काढतो. त्याचा नकाशा होतो: आडवी वेळ, उभा वेग, लहरींचा जोर असेल तिथे काळे. पद्धत मंजूर केली. पत्नी कौसल्या म्हणाली, यंत्राला कशाला इचारताय, मला इचारा की. दुर्लक्ष केले.

२२ सप्टेंबर, वार्षिक सभा
डोक्याला तारा, वर फेटा; उजव्या दंडालाही तारा. सभासद दगडाबाईंनी विचारले, तात्या, लगीन हाय व्हय? चार कप चहा घेऊन चिंतनास बसलो. खुर्च्या उचलण्याच्या आवाजाने चिंतन संपले. हिंदुरावांनी मिठी मारून लई मोठ्या मनाचा माणूस म्हटले. विरोध मावळला. निकाल विचारण्याची गरज भासली नाही.

२३ सप्टेंबर
सकाळी शिपाई झुंबर कपाटाच्या किल्ल्या मागायला आला. म्हणाला, नवं सचिव हिंदुराव. एक्केचाळीस विरुद्ध चाळीस. तुमचा हात बी वर व्हता की, तात्या!
दुपारी नागेशने नकाशा उलगडला. अकरा दहापासून मेंदूत फक्त संथ लहरी, गाढ झोपेच्या. अकरा बेचाळीसला दंडात काळा पट्टा. कौसल्या म्हणाली, ‘अनुकूल असणाऱ्यांनी’ एवढं कानावर पडलं की ह्यांचा हात वर जातो, घरी बी.

२४ सप्टेंबर
नियम तपासले. झोपेत दिलेले मत बाद ठरते. मग चाळीस-चाळीस; बरोबरीत जुना सचिव कायम, म्हणजे पद माझ्याकडेच. मात्र मी झोपलो होतो हे सिद्ध करावे लागेल. पुरावा निर्विवाद आहे. हरकतीची मुदत उद्या पाचपर्यंत.

२५ सप्टेंबर, सायंकाळी साडेसहा
अर्ज सुवाच्य लिहून तयार होता. द्यावा की न द्यावा, यावर शांतपणे विचार करण्यासाठी तीन वाजता डोळे मिटले होते.

महिपती सोनबा कोकरे, बी. कॉम.
माजी मानद सचिव
सणसर, २५ सप्टेंबर १९९६