आबांच्या छातीतला बदली

डिलाईल रोड, मुंबई
रविवार

आदरणीय सुंदराताईस,

धाकटा भाऊ जयवंत याचा सविनय जयभीम. आम्ही इथे ठीक आहोत, म्हणजे जेवतो आणि कामावर जातो. तुझ्या गुडघ्याला कसं आहे, भाऊजींचा दमा या थंडीत वाढला नाही ना, व्यालेली शेळी दूध देते का, ते कळव. (कळवणार नाहीस हे माहीत आहे. आपल्या गावचा रामदास तुझा निरोप देऊन गेला, की आबांबरोबर भाऊही गेला असं तू धरलं आहेस आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तू येणार नाहीस. तरी पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारलं.)

तुझा राग खरा आहे. आबा गेल्याची तार तुला आधी मिळाली आणि तिच्या मागून माझं कार्ड, त्यात आबा सुधारले, डॉक्टर म्हणतात वर्षभर काळजी नाही, येण्याची घाई करू नये. गेलेल्या माणसाची अशी खुशाली कुणी धाडत नाही. कार्ड मी आधीच टाकलं होतं, पोस्टाने ते सावकाश नेलं. पण ते मी लिहिलंच कसं, हे तुला सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही. वाचून झाल्यावर यायचं की नाही ते तू ठरव.

पहिल्या वेळी आबांना परळच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा त्यांच्या फुफ्फुसांत पाणी भरलं होतं, उशा लावून बसवलं तरच श्वास येत होता. तिथे एक तरुण डॉक्टर आहेत, ते अशा पेशंटांच्या हृदयाचा इको काढतात आणि त्यावरून कोण घरी जाईल, कोण परत येईल, कोण जाणारच नाही, याचा अंदाज बांधतात. (वॉर्डात त्यांना ज्योतिषी म्हणतात. समोर नाही.) इकोची खोली अंधारी आणि गार असते. आबांना डाव्या कुशीवर वळवून छातीला गार चिकट काहीतरी फासलं. आबा म्हणाले, "एवढं वंगण आमच्या रिंगखात्यात घातलं असतं तर गिरणी बंद पडली नसती." डॉक्टर हसले नाहीत. ते मशीनच्या काचेकडे बघत होते.

काचेवर सुपाच्या आकाराचा उजेड होता. त्यात एक काळं दालन, मोठं, रिकामं, आणि मध्ये एक झडप, थकलेल्या माणसाने दार लोटावं तशी उघडत आणि मिटत होती. दालनाच्या अगदी टोकाला, कोपऱ्यात, काहीतरी बसलेलं होतं. ते हलत होतं, पण झडपेबरोबर नाही. किंचित मागाहून. बसल्या बसल्या पेंगणाऱ्या माणसाची मान हलते तसं. मला पोतं वाटलं. आबांनी मान वळवून बराच वेळ पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कुशाबा आहे."

कुशाबा तुला आठवतो का? आबांचा बदली. कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी उभा राहणारा. आबा तापाने पडले की कुशाबा त्यांचं मशीन सांभाळायचा. संप लागला, गिरणीला टाळं पडलं, तरी तो रोज बदलीचा पास घेऊन फाटकाशी यायचा, आणि संपाच्या दुसऱ्या वर्षी तसाच वारला.

डॉक्टर म्हणाले, ती रक्ताची गुठळी आहे. मला बाहेर घेऊन म्हणाले, हृदयाचा पंप वीस टक्केच चालतोय. पोटाकडून येणारी मोठी शीर श्वास ओढला की मिटायला हवी, ती फुगलेलीच राहते. त्यात गुठळी. तिन्ही एकत्र असलेले फार दिवस काढत नाहीत, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. (दार उघडं होतं. आबांनी फक्त वीस टक्के एवढं ऐकलं आणि वॉर्डभर सांगितलं, की वीस टक्के बोनससाठी आम्ही गिरणी सोडून बसलो, मालकाने दिला नाही, डॉक्टरने एका दिवसात दिला.)

मग मी तुला तार केली. तू पांढरं लुगडं पिशवीत घालून आलीस आणि तू पोचलीस तेव्हा आबा उठून बसून सुक्या बोंबलाची चौकशी करत होते. तुझी पिशवी बघून त्यांनी काय म्हटलं ते तुला आठवतच असेल, मी लिहीत नाही. तू गेल्यावर मात्र त्यांनी मला बजावलं, "सुंदराला परत मशीनच्या सांगण्यावरून बोलवायचं नाही. पोरीचा हंगाम बुडतो. मी सांगेन तेव्हा बोलव." मी हो म्हटलं. ते सांगतील असं मी धरून चाललो.

घरी आणल्यावर आबा बरे होते, हेच मला खटकायचं. पायाची सूज उतरली. जेवताना एक घास ताटाच्या कडेला ठेवायचे. दुपारी गिरणीच्या बंद फाटकाशी जाऊन बसायचे आणि कुणी विचारलं तर सांगायचे, आत कुशाबा आहे, म्हणून मी बाहेर बसलोय. मी एकदा त्यांना धरून आणायला गेलो तेव्हा ते छातीशी हनुवटी लावून हळू बोलत होते. मला बघून थांबले. श्वास मात्र आत कुणाशी तरी अजून बोलत असल्यासारखा चालूच होता. मी हे घरी सांगितलं नाही. काय सांगणार?

मग पाणी परत भरलं आणि परत परळ. शेजारच्या खाटेवर माझगावचा तुळशीदास कोळी होता, त्यालाही तेच दुखणं. आबांमुळे त्या वॉर्डात एक नवीनच पद्धत पडली होती, इकोहून आलेल्या माणसाला लोक आकडा विचारत नसत, तुझ्यात कोण दिसलं म्हणून विचारत. तुळशीदास म्हणाला, "माझ्यात पापलेट फडफडतंय. जिता हाय म्हंजे भाव येल." सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, एकटंच आहे का? त्यावर तुळशीदास तोंड फिरवून झोपला.

आबांचा इको झाला तेव्हा मी आत होतो. तेच सूप, तेच दालन. झडप जोरात मिटत होती. कोपरा रिकामा होता. डॉक्टरांनी हातातलं यंत्र वरखाली फिरवून सगळीकडे शोधलं, मग आबांना हात उचलायला, हसून दाखवायला, स्वतःचं नाव सांगायला लावलं. गुठळी सुटून मेंदूत गेली की काय, हे बघत होते. नव्हती गेली. रक्त पातळ करायच्या औषधाने विरघळली, म्हणाले. पंप पस्तिसावर आलाय, शीर श्वासाबरोबर मिटते आहे, असे पेशंट वर्ष सहज काढतात. ते इतके खूश होते की त्यांनी मला चहा विचारला.

आबा म्हणाले, "कुशाबा कुठाय?"

"गेला, बाबा," डॉक्टर म्हणाले. "आता तुमचं तुम्हीच चालवताय."

बाहेर आल्यावर आबा मला एवढंच म्हणाले, "बदली गेला म्हणजे कायमवाल्याला कामावर जावं लागतं." ढकलखुर्चीतून येताना ते एकदाही मागे टेकले नाहीत.

मी खाली पोस्टाच्या पेटीत तुझं कार्ड टाकायला गेलो. डॉक्टरांचा शब्द होता, आणि आबांनी तर तुला बोलवायला सांगितलं नव्हतं. परत आलो तेव्हा त्यांनी नर्सकडून तोंड पुसून घेतलं होतं, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली होती, पाय खाली सोडून बसले होते आणि गेलेले होते. गिरणीतल्या दुसऱ्या पाळीची वेळ होती. तुळशीदास भिंतीकडे बघत म्हणाला, त्यांना न्यायला एक म्हातारा आला होता, केसांत कापूस होता. (तुळशीदासने सगळी कथा ऐकली होती, म्हणून मी ते धरत नाही. आबांच्या उशीवरही कापूस होता. हॉस्पिटलात कापूस असतोच.)

डॉक्टर आले. त्यांनी इकोचा कागद परत पाहिला. मग विचारलं, "तपासणीनंतर ते काही म्हणाले होते का?" मी नाही म्हटलं.

तर असं झालं. मशीन म्हणालं जातील तेव्हा आबा राहिले आणि राहतील म्हणालं तेव्हा गेले. यात तुझ्याशी कुणी थट्टा केली नाही. भाऊजींना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
जयवंत

ता. क. पुण्यानुमोदन येत्या रविवारी आहे. भन्तेजी सकाळी येतील. काही आणू नकोस.

ता. क. वर सगळं आबांचं लिहिलं, पण हे पत्र मी त्यासाठी लिहायला बसलो नव्हतो. डॉक्टर म्हणाले, असं फुगलेलं हृदय काही घरांत मुलांकडे उतरतं, दोघांनीही इको काढून घ्या. तुला काही होत नसेल, तू डोंगर चढतेस. मी मात्र हल्ली जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबून पाण्याच्या वेळांची नोटीस वाचतो. ती मला पाठ आहे. घरी काही बोललेलो नाही. माझा इको रविवारच्या आधी, गुरुवारी आहे, माझ्यामागे तुझा नंबर लावला आहे. एक नातेवाईक आत बसू देतात. कोण येणार विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. येणार नसशील तर तसं कळवू नकोस. गुरुवारपर्यंत ते नाव तिथे राहू दे.