काकूंचा निवास अस्थायी

३ नोव्हेंबर, सोमवार

१. विद्युल्लता काकूंची वृद्धापकाळ पेन्शन बंद झाली.
२. कारण: निवास अस्थायी.
३. सर्व्हेवाल्याने विचारलं होतं, "माताजी, यहाँ कब तक रहेंगी?" काकू म्हणाल्या, "जब तक प्राण हैं, बेटा." त्याने 'अस्थायी'वर टिक केली.
४. अस्थायी माणसाला वगळायचं, हा नियम फॅसिलिटीच्या सूत्रातला. फॅसिलिटी ही परदेशी संस्था. ती राज्याला कर्ज देते. अट अशी की पेन्शन फक्त पात्र माणसालाच मिळावी.
५. सूत्र मी लिहिलं.

पाचवा मुद्दा निव्वळ तांत्रिक. सूत्र बरोबर आहे, इनपुट चुकला. या आठवड्यात होऊन जाईल.

४ नोव्हेंबर

नोंद: व्यक्तिगत संबंध नाही. दुर्गाघाटावरच्या या घरात काकू खाली राहतात, मी वर. जेवायला त्यांच्याकडे असते, एवढंच.

काका गेल्यावर काकू मध्य प्रदेशातल्या सतन्याहून काशीवासाला आल्या. त्याची अट एकच: देह ठेवीपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. खोलीचं भाडं पेन्शनमधून जातं. ते थांबलं तर पुतण्या शार्दूल त्यांना सतन्याला नेणार. त्याने फोनवर सांगितलंच, "काकू, हट्ट पुरे आता."

मी म्हटलं, भाडं मी भरते. काकू म्हणाल्या, "तुझ्या पैशाने काशीवास केला तर पुण्य तुला. मला काय, ठेंगा?" सरकारचे पैसे चालतात. सरकारला मोक्ष नको असतो, म्हणे.

प्लॅन: परवा फॅसिलिटीचं मिशन, म्हणजे पाहणी पथक, येतंय. (मिशन दर वर्षी घाटांवरच्या देव दीपावलीच्या सुमारासच येतं. योगायोग.) मिशन लीडरला थेट काकूंच्या खोलीत आणायचं. डोळ्यांनी बघितलं की विषय संपला.

६ नोव्हेंबर

भेट झाली. काही बाबी अपेक्षेबाहेर गेल्या.

काकूंना बजावलं होतं, रोजच्यासारख्या राहा. त्या म्हणाल्या, "विलायतेची पाहुणी येणार आणि मी जुनेर नेसून बसू? इज्जत आहे की नाही?" शेजारच्या शरदिनीताईंची पैठणी आणली, चांदीच्या वाट्याही त्यांच्याच. केशर घातलेला शिरा, वर तूप. लीडरने दोनदा घेतला. मग विचारलं, काही अडचण? काकू हसल्या. "विश्वनाथाच्या नगरीत कसली अडचण? कुछ नहीं!"

मी भाषांतर अचूक केलं. ते माझं तत्त्व आहे.

संध्याकाळी रिपोर्टमध्ये काकूंचा फोटो, खाली 'ग्रॅज्युएटेड'. गरिबीतून बाहेर पडलेल्याला आमच्याकडे असं म्हणतात. काकूंना सांगितलं तर हरखल्या. "सातवी नापास होते गं मी. हे असते तर पेढे वाटले असते."

किरकोळ धक्का. दिशा बरोबर आहे.

१० नोव्हेंबर

दिल्लीच्या निमिष सरांशी कॉल. ते फॅसिलिटीतले आमचे टीम लीड. काकूंचं नाव न घेता केस मांडली. सर म्हणाले, किती नावं वगळली यावर कर्जाचा पुढचा हप्ता ठरतो. एक परत घेतलं तर रांग लागेल. मग म्हणाले, "तुझंच सूत्र ना हे? फार एलिगंट आहे, रुचा."

मी थँक यू म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

फेरतपासणीचा अर्ज केला. हे आधीच करायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर

फेरतपासणीला तोच सर्व्हेवाला. तो यायच्या आधी काकूंची तालीम घेतली. मी विचारायचं, कब तक रहेंगी? त्यांनी म्हणायचं, स्थायी. एक शब्द. तोही म्हणेनात.

"काशीत येऊन स्थायी राहते म्हणू? म्हणजे मला सुटायचंच नाही, असं विश्वनाथाला सांगू? पागल झालीस का गं?"

शासकीय अर्थाने स्थायी, असं मी समजावलं.

"त्याला शासकीय कळत नाही."

सर्व्हेवाला आला, त्याने विचारलं. काकू म्हणाल्या, "बेटा, हम तो चलने को बैठे हैं." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. टिक तिथेच.

१७ नोव्हेंबर

काकूंच्या नावाने तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली. तासाभरात ती तांत्रिक तज्ज्ञाकडे पाठवल्याचा मेसेज आला. पाठोपाठ माझ्या इनबॉक्समध्ये तक्रार. तज्ज्ञ मी आहे.

ही चांगली बातमी. निर्णय आता माझ्या हातात.

त्याच दिवशी, संध्याकाळ

तक्रार फेटाळली. दोन कारणं. तक्रारदार ओळखीची आहे, तेव्हा पक्षपात दिसायला नको. शिवाय फेटाळल्याशिवाय अपील करता येत नाही, म्हणजे हाच जवळचा रस्ता. लगेच अपील केलं.

काकूंना एवढंच सांगितलं की काम पुढे सरकलंय. त्यांनी मला जास्तीची पोळी वाढली.

१८ नोव्हेंबर

अपिलं तिमाहीला एकदा ऐकतात. पुढची बैठक फेब्रुवारीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शार्दूल आला. वाईट माणूस नाही. मला म्हणाला, "ताई, तुम्ही त्याच ऑफिसात ना? काकू फोनवर सारखी म्हणायची, रुचा बघतेय, रुचा करेल." पुढच्या शनिवारची तिकिटं त्याने काढली आहेत. तोवर काही झालं तर रद्द करतो, म्हणाला.

आज खाली चूल पेटली नाही. काकू कॉटवर बसून होत्या. मी गेले तर म्हणाल्या, "सतन्याला मेले तर काय होतं, ते तुझ्या सूत्रात आहे का गं?"

मी म्हटलं, सूत्रात मरणाचा रकाना नाही.

त्या म्हणाल्या, "मग माझा हिशेब त्यात बसायचा कसा?"

वर आले. आज प्लॅन नाही. निमिष सरांना मेल केला, त्याची प्रत:

सर,
दुर्गाघाट, वाराणसी येथील विद्युल्लता काकू मरेपर्यंत इथेच राहणार आहेत. आपलं सूत्र याला अस्थायी म्हणतं. सूत्र चुकीचं आहे. ते मी लिहिलं आहे. तक्रार मी फेटाळल्यावर वगळलेलं नाव परत घेण्याचा अधिकार आता फक्त तुम्हाला आहे. शनिवारी, २९ तारखेला, त्यांना सतन्याला नेणार आहेत. त्यांना जायचं नाही.
कृपया शुक्रवार, २८ नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्यावे.
रुचा